पणजोबांच्या हातातला झेंडा

सांतो इझिदोरो, दक्षिण ब्राझील
२१ जुलै २०१९

प्रिय ओदिला,

तुझं पत्र पोचलं. इकडे सगळे बरे आहेत. म्हणजे मी बरा आहे, सगळे म्हणायला घरात दुसरं कोणी उरलेलं नाही. द्राक्षवेलींची छाटणी चालू आहे. थंडी अशी की वाईनसुद्धा चुलीजवळ बसायला मागते.

शेजारची जेमाकाकू परवा मक्याच्या पिठाचा पोलेंता घेऊन आली. तुझ्या खोलीचं कुलूप बघून म्हणाली, "आर्लिंदो, आत काय पिकत घातलंयस?"

"बहीण येईल कधीतरी."

"इटालियन झालेली बाई इथल्या चिखलात कशाला येतेय," म्हणाली, आणि माझ्याच ताटातले सलामी सॉसेजचे काप खाऊन गेली.

तिथल्या कारखान्यात तुला 'ब्राझीलवाली' म्हणतात, असं तू लिहितेस. आणि आपली बोली ऐकून मुकादम हसतो, "बाई, माझी खापरपणजी अशी बोलायची." इथे आपण चार पिढ्या इटालियन, आणि इटलीत पोचल्यावर तू ब्राझीलची झालीस. एरवी यावर मी दोन पानं खिदळलो असतो.

आपल्या इटालियन मंडळाच्या उत्सवात यंदाही पणजोबांचं सोंग माझ्याकडेच. बैलगाडीतून उतरलो, इटलीचा झेंडा फडकवला, बायका रडल्या. अध्यक्षच पणजोबा म्हटल्यावर टाळ्यांना काय तोटा.

आता तुझ्या नागरिकत्वाच्या अर्जाला लागणाऱ्या पणजोबांच्या जन्मदाखल्याचं. तू तिसऱ्यांदा विचारलंस. तिकडच्या चर्चकडून उत्तर नाही, असं मी दोनदा लिहिलं. उत्तर आलं होतं, ओदिला. तू जायच्या आधीच, मंडळाच्या स्मरणिकेसाठी मी दाखला मागवला होता तेव्हा. पणजोबा ब्राझीलला निघाले त्या वेळी त्यांचं गाव ऑस्ट्रियाच्या सम्राटाकडे होतं. इटलीचा झेंडा त्यांनी जन्मात हातात धरला नसेल. अशा लोकांच्या वंशजांना इटलीचं नागरिकत्व मागायची मुदत कधीच संपली आहे.

स्मरणिका छापून झाली होती, मुखपृष्ठावर मी झेंड्यासकट. कागद कपाटात गेला. इटलीला जायला तू शाळेतली नोकरी सोडलीस तेव्हा बोलायला हवं होतं. बसजवळ तुझी पेटी उचलून देताना दोनदा तोंड उघडलं, आणि दोन्ही वेळा "जपून जा" एवढंच म्हणालो.

दाखला सोबत आहे. पुढच्या महिन्याच्या सभेत मी तो सगळ्यांना वाचून दाखवणार आहे. "परत ये" म्हणायचा हक्क मी घालवला, म्हणून म्हणत नाही. राहायचं की यायचं ते तूच ठरव; निदान या वेळी खरा कागद हातात घेऊन ठरव.

तुला परक्या मुलखात परकी करून सोडणारा,
तुझा भाऊ
आर्लिंदो