उंबऱ्याचे खिळे

३ एप्रिल १९८५
पोचलो एकदाचा. एस.टी.त कोणी ट्रंक पळवील म्हणून रात्रभर डोळा लागला नाही, पण ट्रंकही शाबूत आणि मीही. विठू, माझा जावई, स्टँडवर घ्यायला आला होता. घर मिरकरवाड्याच्या वर चढणीला आहे, चिऱ्याचं, भाड्याचं. पुढे ओटी, मधे माजघर, माजघरातून उजवीकडे आतली खोली, शेवटी मागीलदार. माझी खाट ओटीवर. वारा झकास येतो. कमळा आतल्या खोलीतून हसली आणि माझा जीव थाऱ्यावर आला. तिला आठवा महिना आहे. आधीची दोन राहिली नाहीत, म्हणून डॉक्टरांनी अंथरुणातून उठायचं नाही, गाडीघोड्याचा प्रवास नाही, असं बजावलंय.

मी चौथी शिकलेला. रेल्वेत गँगमन होतो. मुकादमाने रोजचं काम वहीत लिहायला लावलं, ती खोड अजून गेलेली नाही.

नातवंडासाठी चावीची आगगाडी आणलीय. तिचे पत्र्याचे रूळ मात्र गंजून गेलेत. विठू म्हणाला, सरकारला रत्नागिरीत गाडी आणता आली नाही, ती सासऱ्याने ट्रंकेतून आणली. कमळा इतकी हसली की मला त्याचीही धास्ती वाटली.

६ एप्रिल
विठू ट्रॉलरवर गेला. रूळ मीच करायला घेतले. आंब्याच्या फुटक्या पेटीच्या पट्ट्या कापून रुळाखालचे स्लीपर केले. मोडक्या छत्र्यांच्या काड्या सरळ ठोकून त्यांचे रूळ. अंतर सारखं राहावं म्हणून टिनाचं माप कापलं. उन्हाने लोखंड वाढतं, म्हणून दोन काड्यांच्या मधे फट ठेवतो. खेळणं असलं म्हणून काय, रूळ तो रूळ. कमळाला पडल्यापडल्या गाडी दिसावी म्हणून लाइन मागीलदारापासून माजघरातून थेट तिच्या खाटेच्या पायथ्याशी न्यायची.

खिळ्यांचंच अडलंय. बाजारात मिळतात ते बोटीचे, जाडे. पट्टी चिरते.

९ एप्रिल
खिळे घरातच सापडले. आतल्या खोलीच्या आणि मागीलदाराच्या उंबऱ्यात काळ्या बारीक खिळ्यांच्या ओळीच आहेत, डोकं एका बाजूला वाकवलेलं, अगदी रुळाच्या खिळ्यासारखं. कोणी ठोकले देव जाणे. काल परसाकडे जाताना, तेवढ्यापुरतीच उठते ती, कमळाच्या अंगठ्याला त्यातला एक लागला. ती अडखळली. पडली असती तर? आज सगळे उपटले. कानसून आखूड केले आणि रुळाला दोन्ही अंगांनी ठोकले. मूठभर उरलेसुद्धा.

१३ एप्रिल
लाइन पुरी झाली. गाडी मागीलदाराकडून निघाली, माजघरातून वळली, कमळाच्या पायथ्याशी थांबली. तिने टाळ्या वाजवल्या. फार दिवसांनी बरं वाटलं.

१५ एप्रिल
दुपारी जेवून सगळी आळी झोपते. मी उठलो तेव्हा मागीलदाराजवळचे स्लीपर ओले होते. घागर तिकडे नाही. कौलं कोरडी. मांजर असेल.

१७ एप्रिल
मांजर नाही. आज ओल माजघरापर्यंत आली. दोन रुळांच्या आतच. बाहेर जमीन कोरडी ठणठणीत.

गाडीची चावी मी दिली नव्हती. मागीलदाराशी ठेवलेलं इंजिन ओलीच्या पुढे, वळणावर उभं होतं. पायाने ढकलत आणल्यासारखं.

१८ एप्रिल
जुन्या सवयीने रुळाला कान लावला. छत्रीच्या काडीत काय ऐकू येणार, म्हणून स्वतःलाच हसलो. मग ऐकू आलं. चाकं नाहीत. पाय. एक पाऊल टाकायचं, थांबायचं. वजनदार बाई चालते तसं.

कमळाला बोललो नाही. तीच बोलली. दुपारी डोळा लागला की एक बाई दारातून विचारते म्हणे, "मोकळी झालीस काय गो?" कमळाला वाटतं शेजारची कोणी असेल.

२० एप्रिल
घरमालकीण धोंडूबाई चिपळूणहून आल्या. लेकीकडे गेल्या होत्या. फणस घेऊन हसत आत आल्या आणि आतल्या खोलीच्या उंबऱ्याशी थबकल्या.

"बुवा, खिळे कोणी काढलेन?"

मी लाइन दाखवली. त्यांनी फणस खाली ठेवला. मग हळू आवाजात सांगितलं. राही नावाची त्यांची सून त्या खोलीत बाळंतपणात अडली. ती गेली, पोरही गेलं. मागीलदाराने तिला बाहेर काढलं. परत येऊ नये म्हणून मागे राळ्याचे दाणे टाकले, भगताने दोन्ही उंबऱ्यांत खिळे मारले. खिळे आहेत तोवर ती आत येत नाही, म्हणून त्यांनी भाडेकरूला कधी सांगितलं नाही. भगत आता वारला.

मी विचारलं, ती काय करील. धोंडूबाईंनी आतल्या खोलीकडे पाहिलं.

"वाईट नव्हती हो ती. तिला पोर हवं. दुसरं काय नको."

२१ एप्रिल
लाइन उखडायला घेतली. कमळाच्या पायथ्याचे पहिले दोन खिळे काढले मात्र, ओल रुळाबाहेर उतरली. जमिनीवर बोटं उमटली, पायाची. खाटेच्या दिशेने. खिळे परत ठोकले. ओल मागे सरली.

म्हणजे ती खिळा ओलांडत नाही. मी दोन्ही बाजूंनी खिळे मारले, मधे वाट ठेवली आणि ती वाट लेकीच्या खाटेला नेऊन लावली. मीच.

२२ एप्रिल
कमळाला हलवता येत नाही. डॉक्टर चिडले, म्हातारे घाबरट असतात म्हणाले. विठूची बोट अजून आली नाही. लाइनीवर आडवे बाजारचे खिळे मारून पाहिले, दुपारी ते बाजूला काढून ठेवलेले. उरलेले भगताचेच आडवे मारू का? धोंडूबाई नको म्हणाल्या. अडवलंत तर तिथंच बसून राहील, कायमची. वाट दाखवा, बाहेरची.

२४ एप्रिल
सांधा करतोय. गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळवायची जागा ती. माजघरात लाइन फोडायची, ओटीवरून पायरीला न्यायची, पुढे कातळावर. जाऊ दे तिला मोकळ्यावर. खिळे पुरतील का? पुरायला हवेत.

कमळा विचारते, बाबा, दुसरी लाइन कशाला. म्हटलं, एका लाइनीवर गाड्या अडकतात, बाय.

२६ एप्रिल
पुरले नाहीत. लाइन माझ्या खाटेशी संपली. पायरी अजून चार हात पुढे.

एकच खिळा हातात आहे. तो सांध्याला लागेल, आतल्या खोलीची वाट बंद करायला.

२७ एप्रिल
रुळात पावलं आता थांबत नाहीत. कमळाच्या दारापर्यंत ओल. इंजिन तिच्या खाटेला टेकलेलं.

राही तिला रोज विचारते. मोकळी झालीस काय.

२८ एप्रिल, सकाळ
कमळाला कळा सुरू. दिवस भरायच्या आधीच. धोंडूबाईंनी आणलेली सुईण म्हणते, रिक्षा येईपर्यंत बाळ थांबणार नाही. दोघी आत आहेत.

ओल पाहिली. मागीलदाराशी परत गेलीय. पुन्हा निघेल. सांधा ओटीकडे वळवला, शेवटचा खिळा आडवा ठोकला. लाइनीच्या टोकाला मी बसलोय. पोर हवं ना तिला. गोधडीची गुंडाळी करून मांडीवर घेतलीय, टोपडं घातलंय. बसू दे तिला इथे माझ्याजवळ.

दुपार
कान रुळावर. निघाली.

कमळा ओरडतेय. मी गोधडी हलवतो. मांडी नकळत हलते —

माजघर. सांध्यावर थांबली.

विचार करतेय. देवा —

आत बाळ रडलं. माझं नातवंड. मोठ्याने रडलं.

सांध्यावरचा खिळा वाजला. धरून आहे, धरून आहे अजून.

वळली. इकडे. ओटीवरचे स्लीपर ओले होत येतात, एकेक —

डाव्या हाताने गोधडी धरलीय. गार झालीय. पायांशी आली. वाकली —

गोधडी जड झाली.

आतलं रडणं थांबलं. धोंडूबाई हाका मारतायत, बाळाला काय झालं बघा म्हणून —

रडणं आता इथून येतंय, टोपड्याच्या आतून, आणि ती मला तेच विचारते, मोकळी झालीस काय —