चाड्यातली पहिली मूठ

दादा, सकाळपासून तीनदा हा कागद पुढ्यात ओढला आणि तीनदा उठले. एकदा दूध बघायला, एकदा दाराची कडी बघायला, आणि तिसऱ्यांदा कशाला उठले तेच ध्यानात नाही. तुम्हाला जाऊन चाळीस वर्षं झाली आणि आज मी तुमच्याशी भांडायला बसलेय. काल तुमचा नातू, माझा भाचा, हक्कसोडीचा कागद घेऊन आला होता. विहिरीजवळचं चार एकर विकायचं म्हणतो, कुणाला तरी तिथं फार्म हाऊस बांधायचंय. "आत्या, एक सही दे फक्त. आजोबांनी घाम गाळून कमावलेलं वावर हाय, पन आता कसायला हाय कोन?" कमावलेलं! माझं डोकंच फिरलं. म्हटलं, "कमावलेलं नाय रे बाबा. दुसऱ्याचं होतं. तुझ्या आजोबांनी कोर्टात माझ्याकडनं खोटं वदवून घेतलं, तवा आपलं झालं." त्याचं तोंड एवढंसं झालं. कागद इथंच ठेवून गेला. तेव्हापासून माझा जीव थाऱ्यावर नाही.

वावर चाचांचं. खुलताबादला दर्ग्याजवळ त्यांचं टोप्यांचं दुकान, आणि शेत आपल्या बांधाला लागून. पोलीस ॲक्शन होऊन निजामाचं राज्य गेलं त्या साली ते घाबरून, बायकापोरं घेऊन हैदराबादला बहिणीकडं निघाले. मी तेव्हा चार-पाच वर्षांची, पण हे तुम्ही एवढ्यांदा सांगितलंय की मला पाहिल्यासारखं वाटतं. रब्बीची पेरणी तोंडावर आलेली. जाता जाता चाचांनी तिफणीच्या चाड्यात, त्या बी सोडायच्या लाकडी वाटीत, ज्वारीची पहिली मूठ सोडली आणि म्हणाले, "पाटील, ये अमानत है. आया तो देना." तुम्ही म्हणालात, "भाई, कवाबी या. पयली मूठ तुमचीच." आपल्याकडं चालच ती. वावर कुणीही कसो, चाड्यात पहिली मूठ मालकाची. दोन वर्षांनी ते परतले, पण बैल राहिले नव्हते, म्हणाले, तूच कस. मग दरसाल दसरा सरला की तुम्ही गाडी जुंपून त्यांना खुलताबादहून घेऊन यायचात. चाचा चपला बांधावर काढायचे, बिस्मिल्ला म्हणून मूठ सोडायचे, आणि मग आईच्या हातची धपाटी खायला बसायचे. "भाभी, इत्ता तिखा!" असं म्हणत दुसरं धपाटं उचलायचे.

पुढं तो कुळाचा कायदा निघाला, कसेल त्याची जमीन. तलाठ्यानं कागदावर कसणारा म्हणून तुमचं नाव लिहिलेलंच होतं. पारावर बसणारे कान फुंकायला लागले, "कूळ लागलंय तुझं, येड्या! आता सोडतो का काय?" आणि नेमका त्याच साली चाचांचा निरोप आला, थोरला पोरगा शेती करीन म्हणतो, एवढं पीक घ्या आणि वावर मोकळं करा. त्या पेरणीला तुम्ही खुलताबादला गाडी नेलीच नाही. मला हाक मारलीत. मी दहा वर्षांची. घरात भावाला शाळा, भावाला दुधावरची साय, आणि मला शेणाची पाटी. आणि तुम्ही म्हणता, "ये बाई, आज पयली मूठ तुझी." अगं बाई! मला आभाळ ठेंगणं झालं. मी तिफणीशी उभी आहे, मूठ इतकी गच्च आवळलेली की ज्वारी तळहाताला रुतते आहे. मूठ सोडते, वर बघते, तर बांधावर चाचा. पायी आलेत, चपला हातात. ते चाड्याकडं बघतात. मग म्हणतात, "अच्छा. बेटी का हात लगा. बरकत होगी." आणि माघारी वळतात. आई धपाटी घेऊन मागं धावली, तर नको म्हणाले. तुम्ही बैलांच्या जुवातल्या शिवळा नीट करत राहिलात.

चाचांनी दावा लावला. तारखांवर तारखा, नऊ वर्षं. माझी जबानी झाली तेव्हा माझं लग्न ठरलं होतं. चाचांचा वकील खेड्यातलाच, त्याला चाल ठाऊक. त्यानं सरळ विचारलं, "त्या वावरात पहिली मूठ कोण सोडायचं?" मी म्हटलं, "मी." "तुमच्या आधी?" "आमचे दादा." "मग हे दरसाल कशाला यायचे?" समोर चाचा बसलेले, दाढी पार पांढरी. मी म्हटलं, "धपाटी खायला." कोर्ट हसलं. चाचांनी मान खाली घातली, आणि मला आपण मोठी हुशारी केली असं वाटलं.

वावर आपलं झालं. पण त्या तुकड्यात तुम्ही पुन्हा तिफण धरली नाही. गुडघा दुखतो म्हणून सालगड्याकडून पेरून घ्यायचात. ताटात धपाटं आलं की बाजूला सारायचात. मी माहेरी आले की ते बघायचे आणि मनात म्हणायचे, बरी खोड मोडली, पोरीला खोटं बोलायला लावलं ना! नवऱ्याला हेच सांगितलं, लेकरांना हेच सांगितलं, काल भाच्यालाही हेच.

आणि खरं काय ते तुम्हाला माहीत आहे, मला माहीत आहे. माझ्या जबानीच्या सकाळी आपण यष्टीत शेजारी बसलो होतो. दौलताबादच्या त्या अरुंद दरवाज्यातून गाडी अंग चोरून चालली होती, आणि तुम्ही खिडकीबाहेर बघत म्हणालात, "माझ्या जबानीला म्या वकिलानं पढवलेलंच बोलून आलो. तू तसं करू नको, पोरी. जे खरं हाय ते सांग. गेलं वावर तर जाऊ दे." मी "व्हय दादा" म्हणाले होते. खोटं मी माझ्या मनानं बोलले. तुमच्यासाठी नाही, वावरासाठीही नाही. उभ्या जन्मात तुमच्या हातून मला मिळालेली एकच गोष्ट ती मूठ, आणि खरं बोलले असते तर तीही चाचांची ठरली असती. मला ती सोडवली नाही, दादा. तुम्ही हरायला निघाला होतात आणि मी तुम्हाला हरू दिलं नाही.

चाचांचा नातू अजून त्याच दुकानात टोप्या विकतो. कागद तसाच पडलाय, बिनसहीचा. सकाळपासून भाच्याचा फोन दोनदा वाजून गेला. घेतला तर त्याला हे सगळं सांगावं लागेल, म्हणून इथं तुम्हाला लिहीत बसलेय.