बाईसाहेबांचं पथ्य

सोमवार, ४
आले एकदाची नव्या घरी! शनिवारी कचेरीत सह्या करून लग्न झालं आणि आज दोन बॅगा घेऊन मी संसाराला लागले. तीन खोल्या, स्वच्छ खिडक्या, ओटा अगदी माझ्या उंचीचा. नवरा घरातच घड्याळं दुरुस्त करतो. बोटं इतकी हलकी की बघत राहावं. त्या बोटांवरच तर मी भाळले.

उन्हाची खोली मात्र बाईसाहेबांची. बाईसाहेब म्हणजे त्याने पाळलेला सरडा, शेपटीसकट माझ्या हाताएवढा. मादी, म्हणून बाईसाहेब. मोठी काचपेटी, वर उबेचा दिवा, खाली वर्तमानपत्र, शेजारी खड्यांनी भरलेली शोभेची कुंडी. मी म्हटलं, सवतीचा थाट चांगलाय. तो पोट धरून हसला. मीही हसले.

गुरुवार, ७
बाईसाहेबांचं पथ्य पाठ झालं. पाला नखाएवढा चिरायचा, वर चिमूटभर कॅल्शियमची पूड. खाल्ल्यावर चार तास ऊब, नाहीतर अन्न पोटातच कुजतं. पेटीत वाळू किंवा खडे अजिबात नकोत, कारण ती ते गिळते आणि आतडं तुंबतं. काय खाल्लं, शी कधी झाली, सगळ्याचा तक्ता फ्रिजवर. मी दुपारी जेवले की नाही, हे मात्र कुठल्याच तक्त्यात नाही.

रोज संध्याकाळी तिला कोमट पाण्यात धरून तो तिचं पोट चोळतो. दोन बोटांनी, वरून खाली, चांगला अर्धा तास. लग्नाला पाच दिवस झाले, माझा हात त्याने अजून एवढा वेळ धरलेला नाही. ताईला फोनवर सांगितलं तर म्हणाली, अगं, सरड्यावर काय जळतेस! जळतेच. लिहायला कसली लाज?

मंगळवार, १२
तो सुटे भाग आणायला बाहेर गेला होता. मी कुंडीतले खडे धुऊन पेटीत पसरले. विचारलंच तर म्हणणार होते, पेटी जरा छान दिसावी म्हणून, पथ्य विसरलेच बाई. तो यायच्या आत उचलले. पसरले चौदा, उचलले नऊ.

शुक्रवार, १५
तक्त्यात तीन दिवस कोरे. तिचं पोट फुगलंय. प्राण्यांचे डॉक्टर येऊन दाबून बघून गेले. आत खडे लागतायत म्हणाले, आले कुठून म्हणून विचारलं. मी चहा टाकायला उठले.

आणि एवढं करून मिळवलं काय? अर्ध्या तासाचे तीन तास झाले. तो न्हाणीघरातून उठतच नाही. तिला सोनू म्हणतो, राणी म्हणतो. मला अजून एक लाडाचं नाव नाही. अंगाचा नुसता तिळपापड होतोय.

रविवार, १७
धसक्याने माझंही पोट दुखलं, खरंखुरं. त्याने मला आडवं केलं आणि पोट चोळलं. तीच दोन बोटं, वरून खाली. सुखाने रडू आलं मला. तक्त्यात त्याने माझ्यासाठी रकाना आखला.

संध्याकाळी बरं वाटलं. तसा तो उठला आणि तिच्याकडे गेला.

सोमवार, १८
एक खडा गिळला. पाण्याबरोबर गेला, कळलंही नाही.

बुधवार, २०
चार झाले. दुखतं. पण त्याचे हात! सकाळी तासभर, दुपारी तासभर. दवाखान्यात जाऊ म्हणतो, मी टाळते.

तिचे पाचही खडे पडले. बरी झाली. आता पेटी उघडीच असते. मी कुंडीशी गेले की मान वळवून बघते.

शुक्रवार, २२
तिचं पोट पुन्हा फुगलंय. मी काही केलेलं नाही. शपथ. कुंडीतले खडे मोजले. मी सात घेतले होते. तिचे आधीचे पाच सोडून कमी आहेत अकरा.

शनिवार, २३
आज पाहिलं. ती कुंडीवर चढली. एक उचलला. माझ्याकडे बघत थांबली — मग गिळला.

माझ्याकडूनच शिकली. त्याला सांगावं — तर माझंही सांगावं लागेल. मग तो मला हात तरी लावेल का —

रविवार, २४
उठवत नाही. उलटीत रक्त. त्याला पळापळ नको म्हणून माझी गादी तिच्याच खोलीत. कुंडी आमच्या दोघींच्या मध्ये.

न्हाणीघरात पाणी सोडलंय. त्याने तिथूनच विचारलं, जास्त त्रास कोणाला होतोय, तिला आधी घेतो.

मला, म्हणाले. आवाज फुटला नाही.

ती कुंडीवर — एक. दोन. डोळे माझ्यावर.

मी तीन. एक घशात अडकला — बोटाने ढकलला —

तिने तिसरा, चौथा —

पाणी बंद झालं. येतोय. अजून दोन, पटकन, तिच्या आधी मी —