धरणी हलली की खांबाला धरायचं

माय,

तुझा आवाज आठवायला आता मला आधी तुझं एखादं बोलणं आठवावं लागतं. बहुतेक वेळा आठवतो तो तू माझं सासर बघायला आलीस तो दिवस. मंठ्याकडची ही सोयरीक वडिलांना पसंत होती. बायका चहा घेऊन आल्या, तर तू उठून माळवदाच्या मातीच्या छताखालच्या एकेका लाकडी खांबाला खांदा लावून रेटत होतीस. सासूबाई हसल्या, "विहीणबाई, घर बघायला आलात का बैल?" तू म्हणालीस, "बैल बदलता येतो, बाई. छत कशावर उभं हाय ते बघून राह्यले." मी लाजेनं मेले होते. परत येताना तू एवढंच बोललीस, "खांब बराबर हायेत. भिताडांचं मला सांगता येत न्हाई."

त्याच्या कितीतरी आधी, मी पोर असताना, लातूरकडं धरणी हलली तेव्हा मामा मदतीला गेला होता. आल्यावर ओसरीवर बसून तो सांगत होता. जिथं छताचं ओझं नुसत्या दगडी भिंतींवर होतं, तिथं माती आणि दगडाखाली माणसं गेली. जिथं खांब टिकले, तिथं छत वाकडं होऊन का होईना, वरच राहिलं, आणि माणसं रांगत बाहेर आली. त्या दिवसापासून तू आम्हाला शिकवायला लागलीस. तू पळी हंड्यावर आपटायचीस आणि आम्ही भावंडांनी हातातलं टाकून मधल्या खांबाला मिठी मारायची. "भिताडाकडं पळायचं न्हाई. बोळीत तर बिलकुल न्हाई." आम्ही हसून लोळायचो. तूही हसायचीस, पण पळी आपटणं सोडलं नाहीस.

गेल्या वर्षी सकाळी मी भाकरी थापत होते. लांबून ट्रॅक्टर यावा तसा आवाज आला आणि फळीवरचे डबे वाजायला लागले. मी नातीला उचललं आणि खांबाला धरलं. हे ओसरीवर होते. "बाहेर पळा, जल्दी!" असं ओरडून ते बोळीत धावले. आम्ही मागं येतोय असंच त्यांना वाटलं असणार. बोळीकडच्या भिंतीचं बाहेरचं अंग सगळं बोळीत खाली आलं. आतलं अंग तसंच उभं राहिलं. छतातून नुसती माती गळली. धूळ बसेपर्यंत मी त्यांना आत या म्हणून हाका मारत होते.

नंतर वाचनालयातल्या एका पुस्तकात वाचलं. आपली जाड दगडी भिंत म्हणजे खरं तर दोन भिंती असतात, मध्ये खडी आणि माती भरलेली. अधूनमधून एक लांब दगड आरपार घालावा लागतो, म्हणजे दोन्ही अंगं एकमेकांना धरून राहतात. आमच्या भिंतीत तो कुठंच नव्हता. पुस्तक मांडीवर तसंच राहिलं, चूल विझून गेली.

आता तुझा नातू म्हणतो, "आई, हे खांब काढू आणि भिताडांवर स्लॅब टाकू. खांबामुळं कपाटसुद्धा बसत न्हाई."

"स्लॅब टाक. पण आधी पायापासून नवे कॉलम उठव. या भिताडांवर न्हाई."

"अगं, केवढी जाड हायेत ती!"

"तुझ्या बापावर पडलं ते काय बारीक होतं?"

दुसऱ्या दिवशी गवंडी आला, त्याला पोरानं दारातूनच सांगितलं, "मंग बघू, मिस्त्री. खांबाला हात लावायचा न्हाई." पडलेलं अंग तेवढं पुन्हा बांधताना मी समोर उभी राहून लांब दगड घालून घेतले.

नातीला मी तुझाच खेळ शिकवलाय. पळी वाजली की ती खिदळत खांबाला बिलगते. मी तिच्याभोवती हात टाकते, तेव्हा माझे कान बोळीकडं असतात.

हे कुठं धाडायचं नाही, म्हणून लिहिते. या घरानं आम्हा दोघींना वाचवलं, असं मी गावभर सांगते. पण त्या दिवसापासून मी आत झोपलेली नाही. अंगणात पत्र्याखाली बाज टाकते. कुणी विचारलं तर म्हणते, आत उकडतं. आता थंडी पडायला लागली, तरी तेच सांगते.