समोरच्या दाताची छटा

४ मार्च

चि. सौ. बिट्टीस,
अ. उ. आ.

परमुलखात येऊन इथल्याच नोटांत पगार घेणाऱ्या समस्त नर्सा, शिक्षक, वायरमन आणि दात घडवणाऱ्यांच्या वतीने हे पत्र लिहिते आहे. आमचं गाऱ्हाणं एकच. इथलं चलन घसरलं की आम्ही त्याच्याबरोबर खाली जातो, आणि त्याच देशात, दोनशे किलोमीटरवर, डॉलरांत पगार घेणारे तुम्ही वर जाता. सीसॉ आहे हा. आम्ही खाली टेकलोय म्हणून तुमचे पाय हवेत आहेत, एवढं तरी कबूल करा.

तू म्हणशील, ताईचं भाषण सुरू झालं. होऊ दे. भांडायचं ते कागदावर, म्हणजे समोरच्याला मधेच तोडता येत नाही, हा बाबांचा नियम. तो मी त्यांच्या माघारीही मोडणार नाही. फोनवर तू ऐकून घेत नाहीस.

तुझं पत्र तीनदा वाचलं. घरभाडं निम्म्यावर आलं, गाडीला ड्रायव्हर ठेवला, स्वयंपाकाला बाई ठेवली, शनिवारी बाहेर जेवता ते पूर्वीच्या कॉफीच्या पैशांत होतं, सगळं कसं फुकटात पडतंय. इकडे माझा बसचा पास दीडपट झाला. पावाची किंमत तीच राहिली आणि पाव लहान झाला, म्हणजे बेकरीवाल्याला वाटतं आम्हांला डोळे नाहीत. घरी जायच्या तिकिटासाठी दोन वर्षं पैसे बाजूला टाकत होते. तेव्हा ते तीन पगारांचं होतं, आज सात पगारांचं आहे, कारण विमानकंपनीलाही डॉलरच लागतात. मी पाठवते त्यात आईची औषधं महिनाभर यायची, आता एकवीस दिवसांची येतात. आणि परवा फोनवर आईने तुझ्या फ्रिजची माहिती पुन्हा एकदा दिली. दोन दारं. भाज्यांचा कप्पा वेगळा. अंडी किती मावतात तेही सांगितलं. मी ऐकून घेतलं. ताई जळते असं म्हणालीस तर नाही म्हणणार नाही.

आता तुझ्या दाताचं. हल्ली आमच्याकडे डॉलरवाले लांबून येऊन रांग लावतात, त्यांना दाताची कॅप मातीमोल भावात पडते. इथले लोक दुखरा दात तसाच ठेवतात. माझी घरमालकीण खालची कवळी मोडल्यापासून पाव चहात बुडवून खाते. तू ये. खालच्या मजल्यावर डॉक्टरीणबाई दात कॅपसाठी तासून माप घेतील, वरच्या मजल्यावरच्या लॅबमध्ये मी घडवीन.

लोभ आहेच. तो इथल्या नोटेसारखा घसरू देऊ नकोस.

तुझी ताई


११ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

भाषण पोचलं. टाळ्या वाजवल्या. ह्यांनाही वाचून दाखवलं. ते म्हणाले, ताईंना निवडणुकीला उभं करा, मत देतो, फक्त निवडून आल्यावर त्यांनी आमच्या घरी मुक्कामाला येऊ नये.

पण सीसॉचा दाखला तू द्यायला नको होतास. तो दात मोडला कशाने? मी सात वर्षांची, वर. तू अकराची, खाली. मी वरून वाकुल्या दाखवते म्हणून तू मधेच उतरलीस. तेव्हापासून माझा पुढचा दात अर्धा. अठ्ठावीस वर्षं मी तोंडावर हात ठेवून हसते. लग्नाच्या एकाही फोटोत मी हसलेली नाही, त्यामुळे सासरी सगळ्यांची समजूत झाली की मुलगी शांत आहे. तेव्हा हा दात तूच घडवायचास.

वीस तारखेला येते. बसनेच येते, ड्रायव्हर रजेवर आहे. हॉटेलबिटेल नको, चार दिवस तुझ्याच खोलीत राहीन. पण काम याच महिन्यात व्हायला हवं. पुढे ढकलू नकोस, का ते विचारू नकोस.

आणि तू एकटीच जळतेस असं समजू नकोस. इथल्या बायका मला विचारतात, तुम्ही काय करता. मी सांगते, हे मोठ्या कंपनीत आहेत. त्या म्हणतात, ते कळलं, पण तुम्ही काय करता? तुला हा प्रश्न कधी दुसऱ्यांदा कुणी विचारलाय?

रागावली असलीस तरी अंथरुणात जागा कर.

तुझी बिट्टी


२ एप्रिल

चि. सौ. बिट्टीस,
अ. उ. आ.

जाऊन नऊ दिवस झाले, पोचल्याच्या दोन ओळी नाहीत. उत्तर आठ दिवसांच्या आत, हेही बाबांच्या नियमात होतं.

भांडण आधी उरकते. तू लॅबमध्ये आलीस, माझ्या स्टुलावर बसलीस आणि दर ऐकून सगळ्यांदेखत म्हणालीस, किती स्वस्त गं, एवढ्यात आमच्याकडे केससुद्धा कापून होत नाहीत. शेजारी एक म्हातारा कारागीर कॅपवर पोर्सेलीनचे थर चढवत होता. चाळीस वर्षं तो हेच करतो. त्याने ब्रश खाली ठेवला. तुला दिसलं नाही, मला दिसलं. मग तू पर्समधून डॉलरची कोरी नोट काढलीस आणि आमचे मालक खुर्चीतून उठले. बिट्टी, सहा वर्षं मी त्या माणसाच्या टेबलासमोर उभी राहून रजा मागते, सामान मागते. त्याने एकदाही मान वर केलेली नाही. तुझ्यासाठी तो उठला, आणि रुमालाने खुर्ची पुसून दिली.

हे मी त्या दिवशी बोलले नाही, कारण तू पाहुणी होतीस. दात बसल्यावर तू हात न ठेवता हसलीस, डॉक्टरीणबाईंनाही हसवलंस. मी तेवढ्यात वर निघून गेले, त्याला काही कारण नव्हतं. ब्रश धुवायचे राहिले होते.

एक विचारायचं होतं. दात कसा वाटतो? दिव्यात नव्हे, दिवसाच्या उजेडात बघितलास का? तुझे हे काही म्हणाले का? नसतील तर उत्तम, मी सहज विचारलं. आईला फोटो पाठवणार असशील तर संध्याकाळचा पाठव, तुला संध्याकाळचा उजेड चांगला दिसतो.

राग आला तर मनात ठेवू नकोस, लिहून पाठव.

तुझी ताई


९ एप्रिल

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

आज भाषण मी करणार आहे, आणि तुला मधेच तोडता येणार नाही.

डॉलर संपले, ताई. परदेशातून आलेल्या सगळ्यांचा पगार कंपनीने डिसेंबरपासून इथल्या नोटांत करून टाकला, तोही जुन्या भावाने. आज त्याची किंमत निम्मीही राहिली नाही. फ्रिजचे पैसे त्याआधी भरले होते, आई अजून त्याचंच सांगत बसते. स्वयंपाकाची बाई जानेवारीत सोडली. ड्रायव्हर रजेवर नव्हता, गाडीच नव्हती. तू जे पत्र तीनदा वाचलंस ते मागच्या वर्षीचं सुख होतं, वर तारीख फक्त यंदाची घातली.

का खोटं बोलले? आई तुला फ्रिजचं सांगते ना? मला काय सांगते ठाऊक आहे? शेजारणीची कवळी बोलताना हलते, ती बघून म्हणते, माझ्या थोरलीने केली असती तर हलली नसती. दर फोनला म्हणते. माझ्याकडे तुला दाखवायला पैशाशिवाय काय होतं? ती कोरी नोट कपाटातली शेवटची होती. मालक उठले तेव्हा मला बरं वाटलं, आणि तुझ्यादेखत उठले म्हणून जास्त बरं वाटलं. आता तूही लिही, बिट्टी जळते.

दात हवा होता नोकरीसाठी. इथे एक मोठं हॉटेल आहे, बाहेरदेशचे लोक उतरतात, तिथे रिसेप्शनवर जागा आहे. पगाराचा काही भाग डॉलरांत देतात. तुझ्याकडून परतल्यावर मुलाखत झाली, चौघींतून माझं नाव पुढे गेलं. फक्त व्यवस्थापक बाई म्हणाल्या, तुम्ही बोलता छान, पण हसताना तोंडावर हात ठेवता. पाहुण्यांना हसू दिसलं पाहिजे. अठ्ठावीस तारखेला पुन्हा बोलावलं आहे.

नवा दात बसूनही हात का ठेवला ते सांगते. परतताना बसमध्ये ऊन तोंडावर आलं आणि खिडकीच्या काचेत मला तो दात बाकीच्यांपेक्षा पिवळा दिसला. थोडाच. पण एकदा दिसला तो दिसलाच. तू मनाला लावून घेऊ नकोस. चलन घसरल्यावर सामानही हलकंच येत असणार, त्याला तू काय करणार? मी कुणाला बोलले नाही. तुझ्या हाताला नाव ठेवलेलं मला चालणार नाही.

खोटं बोलले त्याबद्दल चार शिव्या दे, पण पत्र पाठव.

तुझी बिट्टी


१३ एप्रिल

बिट्टी,

सामान हलकं नव्हतं.

आमच्याकडे एक पट्टी असते, तिच्यावर सोळा दात लावलेले असतात, सोळा छटांचे. गिऱ्हाइकाच्या दाताशेजारी धरून जुळणारा निवडायचा. उत्तरेच्या खिडकीशी तुझा चेहरा उजेडात धरला आणि पहिल्याच नजरेत मला तुझी छटा सापडली. ती सापडणारच होती, तुझे दात मी पडताना आणि येताना बघितले आहेत. मग तू किती स्वस्त म्हणालीस. मग मालक उठले. मी तो दात जागेवर ठेवला आणि त्याच्या पुढचा घेतला, एका छटेने पिवळा. दिव्यात कुणाला कळणार नाही, उन्हात तुझं तुला कळेल, हे मला माहीत होतं. मला एवढंच हवं होतं की तू पुरतं हसू नयेस.

त्या म्हाताऱ्या कारागिराला कळलं. भट्टीतून निघालेली कॅप त्याने हातात घेतली, खिडकीशी नेली आणि मला परत दिली. मी तरीही ती खाली पाठवली.

नोटा घसरतात, माणसं घसरत नाहीत, असं मी कुठल्याही सभेत छातीठोकपणे सांगितलं असतं. ते खोटं आहे. मी घसरले. तिकीट, पाव, फ्रिज, कशावरही खापर फोडता येईल, पण तो म्हातारा माझ्याहून कमी पगारात चाळीस वर्षं बरोबर छटा लावतो.

काल मालकांसमोर उभी राहिले. एका कॅपचं सामान माझ्या पगारातून कापा म्हटलं आणि का तेही सांगितलं. त्यांनी मान वर केली. सहा वर्षं त्याची वाट बघत होते, या कारणासाठी नको होती.

मी सुधारले असं समजू नकोस. तुला ती नोकरी लागली की तू पुन्हा डॉलरांत जाशील, मी इथेच राहीन आणि जळेन. पण जळेन ते कागदावर. तुझ्या तोंडात नाही.

आता मी सांगते तेवढं कर. तेवीस तारखेला, गुरुवारी, सकाळच्या पहिल्या बसने निघ. ओठांना काही लावू नकोस, भडक काही घालू नकोस, कपड्याचा रंग दातावर पडतो. ती राखाडी कुर्ती घाल. डॉक्टरीणबाई जुनी कॅप कापून काढतील. मग वर ये, उत्तरेच्या खिडकीशी माझ्या स्टुलावर बस आणि पट्टी तुझ्या हातात धर. आरसा मी धरते. छटा तू निवड, मी मधेच उतरणार नाही.

लोभ मागायचं तोंड आज मला नाही. तू गुरुवारी ये.

ताई