पाच वर्षांवरील बाळ

बुधवार, ४ जून

सावनीचा फोन हा आता या घरातील स्वतंत्र पक्षकार झाला आहे! बाळंतपणाला माहेरी आलेली माझी मुलगी. दोन महिने होत आले, ती हसत नाही, धड जेवत नाही. तान्ह्या दिशाला पाजते, आणि भिंतीकडे तोंड करून पडते. डॉक्टरीणबाईंनी निदान केले — बाळंतपणानंतरचे नैराश्य. गोळ्या सुरू आहेत. त्यास माझा आक्षेप नाही. आक्षेप आहे तो ‘आयांची ओसरी’ या ऑनलाइन समूहास. हजारो अनोळखी बायका — ना अधिकार, ना प्रमाण!

मी तिच्यापुढे रीतसर मांडणी केली. प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण. चौथ्या पायरीपर्यंत, उपनयापर्यंत, पोहोचले होते. ती म्हणाली, “आई, तिथे मला कोणी काही पटवून देत नाही गं. म्हणून जाते.”

निगमन, म्हणजे निष्कर्ष, राहूनच गेले.

गुरुवार, ५ जून

माझे यजमान राजाभाऊ बागेतून फणस घेऊन आले. म्हणाले, “लीला, जन्मभर कॉलेजात तर्कशास्त्र शिकवलंस. घरातलं एक तरी माणूस तुझ्या बाजूला वळलं काय गो?”

प्रश्न विषयाला सोडून होता. तसे सांगितले. “हे बघ!” म्हणाले आणि फणस फोडायला बसले.

शनिवार, ७ जून

खंडन करावयाचे तर पूर्वपक्ष आधी नीट समजून घ्यावा. म्हणून ओसरीत शिरले. प्रवेशाला प्रश्न एकच — बाळाचे वय? पर्याय दिलेले होते. शेवटचा : ‘पाच वर्षांवरील’. सावनी एकतीस वर्षांची आहे. विधान निर्विवाद सत्य, निवडले. नाव झाकून लिहिण्याची सोय असते, तीही घेतली.

लिहिले — “माझे बाळ अन्न नाकारते. हसत नाही. मी सयुक्तिक बोलू लागले की भिंतीकडे वळते. यावरून ते माझ्यावर रागावले असावे, असे अनुमान निघते. उपाय सांगावा. कारणासह.”

रविवार, ८ जून

उत्तरांचा पाऊस! “जंतांचं औषध दिलंत का?” “आधी मोबाइल काढून घ्या!” (हे मला तत्काळ पटले, म्हणूनच संशय आला.) “खाऊला सशाचे कान करून द्या, पोरं खातात.”

पूर्णगडची कोणी चिमा लिहिते — “ताई, लेकराशी सयुक्तिक कशाला बोलता? नुसत्या बाजूला बसा. हातात कायतरी घ्या नि गप. विचारू नका काय.” मी कारण विचारले. उत्तर — “कारण नाय. माझी आई बसायची.”

हे प्रमाण नव्हे!

तथापि न्याहारीच्या घावनाला सशाचे कान करून पाहिले. एक तुटला. सावनी बशीकडे बराच वेळ पाहत राहिली. घावन शेवटी राजाभाऊंनी खाल्ले, कानासकट.

सोमवार, ९ जून

बसले. गप्प. अत्यंत अवघड.

बुधवार, ११ जून

दुपारी सावनीच्या खोलीत आठळ्या सोलत बसते. फणसाच्या बिया उकडल्या तरी साल चिवट, नखांत जाते. आज ती म्हणाली, “पंखा लावला म्हणून दिशा रडते.” उघड हेत्वाभास! ती पंखा बंद असतानाही रडते. मी ते सोडून दिले. जीभ चावली — अक्षरशः.

मग तिने हात पुढे केला. मी आठळी ठेवली. तिने खाल्ली. पुन्हा हात. दिशा तिच्या मांडीवर होती, आणि ती दिशाकडे पाहत होती.

राजाभाऊ दारात येऊन, “काय, वाद मिटला?” त्यांना डोळ्यांनीच बाहेर काढले.

गुरुवार, १२ जून

ओसरीवर माझ्या प्रश्नाखाली नवे उत्तर. नाव झाकलेले.

“तुमचं अनुमान चुकलंय. बाळ रागावलेलं नाही. बाळाला वाटतं, आपल्याला काहीच जमत नाही आणि तुम्हाला सगळंच जमतं. तुमचा तुटका कान बघून बाळाला फार बरं वाटलं. बसत जा. आणि आई, आठळ्यांना मीठ कमी आहे.”

प्रतिवाद नाही. मीठ वाढविले.