कोसमटोल्याची मोजणी

३ ऑक्टोबर १९५५

पोचले एकदाची! गडचिरोलीपासून बैलगाडीने हाडं खिळखिळी झाली, पण कोसमटोला पाहिला आणि शीण उतरला. मोजकी घरं, भोवती सागाचं रान, आणि जिकडे पाहावं तिकडे माझी तपकिरी फुलपाखरं. पावसाळ्यात जन्मलेल्यांच्या पंखांवर डोळ्यांसारख्या टिकल्या असतात, हिवाळ्यातली मात्र साफ, वाळक्या पानासारखी. यात आईबापांकडून आलेलं किती आणि हवेमुळे किती, हे मला शोधायचंय. प्रोफेसरसाहेब नागपुरात सगळ्यांदेखत म्हणाले, बाईमाणूस पंधरा दिवसांत रडत परत येईल. येते बरं! बसा वाट बघत.

शेजारी लच्छू आणि त्याची बायको सोमारी राहतात. पाळण्यातली त्यांची चैती मला पाहून बोळकं पसरून हसली आणि मी तिथेच पाघळले.

७ ऑक्टोबर

काम झकास चाललंय. पिंजऱ्यातल्या जोड्यांनी अंडीही घातली. रानात मात्र मोजणी. जाळीत धरायचं, पंखाखाली पांढरा ठिपका द्यायचा, सोडून द्यायचं. पुढच्या खेपेला जाळीत ठिपकेवाली किती आणि कोरी किती, यावरून रानात एकूण किती ते काढता येतं. कोरी मिळेनाशी झाली की मोजणी संपली. सोमारीला हे समजावलं तर ती हसून लोळायची बाकी राहिली. "पाखरायले टिकल्या लावून राह्यल्या काय बाई? लगन हाय का त्यायचं?"

१२ ऑक्टोबर

जाळीत लाल ठिपकेवाली निघाली. माझ्याकडे लाल रंगच नाही! साहेबांनी कुणी लाडका चेला माझं काम नासवायला धाडला असणार. रानभर शिव्या देत हिंडले. ना माणूस, ना पाऊलखूण. ठिपका मात्र माझ्यापेक्षा सुबक, आणि त्याचाच जास्त राग आला.

१५ ऑक्टोबर

सकाळी लच्छूच्या बकरीच्या कानामागे तसाच लाल ठिपका. दुपारी लच्छूच्या मानेवर. घासून जात नाही. मोहाच्या झाडाखाली बसलो होतो, लच्छू सांगत होता, कुणीतरी अलगद उचललं, पाय अधांतरी लोंबले, मग होतो तिथेच ठेवलं. दिसलं काहीच नाही. मी म्हटलं, डुलकी लागली असेल. माझं बोलणं मलाच खोटं वाटलं.

१८ ऑक्टोबर

वेणी घालता घालता सोमारीचा हात थांबला. माझ्याही मानेवर आहे. मला धरलं आणि मला पत्ताही नाही! शी, किळस आली स्वतःच्या कातडीची.

घरोघरी माना तपासल्या. सगळ्यांना आहे. कुणीतरी आम्हाला मोजतंय, अगदी माझ्याच पद्धतीने. कोरी उरलीय ती एकटी चैती. सोमारी तिला कुशीतून खाली ठेवत नाही. "इतकुसा जीव बाई, उचललं तं मरून जाईन थे. काई तरी करा." लच्छू म्हणतो, पळू. कुठे पळणार? माझी फुलपाखरंही उडून जातात आणि पुन्हा जाळीत येतातच.

मी नाही पळणार. मोजणाऱ्याच्या सवयी मला ठाऊक आहेत. ठिपका दिसला की मी नुसती नोंद करते, पुन्हा हात लावत नाही.

१९ ऑक्टोबर

गेरू डिंकात कालवून चैतीच्या मानेवर मीच ठिपका दिला. हुबेहूब. गुदगुल्या होऊन ती खिदळली. घे, मोज आता! फजिती झाली ना?

२२ ऑक्टोबर

चैती सुखरूप. कुणालाच पुन्हा उचललं नाही. सोमारीने आज आग्रह करकरून जेवू घातलं. जिंकलो आम्ही!

२३ ऑक्टोबर

जाळीत आज एकही कोरं नाही. मोजणी संपली. जाळी गुंडाळली आणि फुलपाखरं मारून नमुने घ्यायला विषाची बाटली काढली. सायनाइड. बूच काढलं की कडू बदामासारखा वास —

हात जागीच थांबला.

मोजणी संपली की मी हेच करते.

आणि गावात कोरं कुणी उरलेलं नाही. शेवटची चैती होती. ती कोरी होती म्हणून तर अजून मोजणी चालू — मीच — देवा, माझ्याच हाताने —

२४ ऑक्टोबर

रॉकेलचा बोळा घेऊन घासतेय. आमचे जात नाहीत. चैतीचा गेरूचा आहे, जाईल. जायलाच हवा.

माझ्या बाटलीचं बूच घट्ट आहे. पुन्हा पाहिलं. तरी अंगणात, विहिरीवर, सगळीकडे कडू बदामाचा —

लच्छू दारात आडवा. सोमारी हाक मारली तरी उठत नाही.

चैती रडतेय. रड गं माझे बाई, जोरात रड! श्वास आहे तोवर — अर्धा ठिपका गेला — डोळ्यांपुढे अंधारतंय, तरी मी नाही सोडणार —

ऐक रे, जो कुणी असशील तो! नीट बघ हिची मान. तुझी मोजणी संपलेली नाही, कळलं? ही कोरी आहे. ही को